रॉकेट्सनी केव्हिन ड्युरंटला घ्यावं का?

हाफकोर्ट (पुणे), १४ जून २०२५

आपल्या ह्यूस्टन रॉकेट्सची वॉरियर्सविरुद्धची, एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) प्लेऑफच्या (बाद फेऱ्या) पहिल्या फेरीतली, ५ मेच्या सकाळची ती सातवी मॅच अजून डोक्यातून जात नाही. आपल्याकडे सोमवार, सहाची वेळ. ऑफिसच्या आधी पूर्ण बघून व्हावी म्हणून साडेपाचलाच उठलो होतो. वॉरियर्सचा बडी हील्ड थ्रीमागून थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) टाकत होता. त्याचे ११ पैकी ९ गेले, ३३ गुण झाले. सगळे म्हणतात हील्डने मॅच नेली. मला तसं वाटत नाही. आपण ८९ वर अडकलो, तिथे मॅच गेली. घरच्या मैदानावर, सातव्या मॅचला, फक्त ८९.

पूर्ण मालिकेत हेच दिसलं. वॉरियर्स वेळेत मागे पोचले आणि पळून बास्केट करायची वाट बंद झाली, की पुढे करायचं काय हे आपल्याला सुचायचं नाही. शॉट क्लॉक (शॉट मारायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ) सात-आठ सेकंदांवर आलेलं. आपला व्हॅनव्हलीट रिंगपासून लांब बॉल आपटत उभा. शेंगून पाठ लावून जागा मागतोय, त्याच्या अंगावर वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन आणि मदतीला आणखी एक. आमेन थॉम्पसनचा माणूस त्याला खुशाल मोकळा सोडून रिंगखाली उभा, कारण आमेन बाहेरून मारत नाही हे सगळ्यांना ठाऊक. चौथी मॅच आठवा. एका गुणाने मागे, शेवटचे काही सेकंद, शेंगून ड्रेमंडवर चालून गेला आणि रिंगपाशी चुकला. त्या मॅचला त्याने ३१ केले होते, त्याला बोल लावायची माझी इच्छा नाही. पण समोर कोणीही असो, त्याच्या डोक्यावरून शॉट मारेल असा एकही माणूस आपल्याकडे नाही.

असा माणूस आत्ता मिळू शकतो. ड्युरंटच्या संघाला, फीनिक्सला, तो ट्रेडमध्ये (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) द्यायचाय हे फेब्रुवारीपासूनच उघड आहे. त्याला जायला आवडेल अशा संघांत ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ आणि मायामी ही नावं बातम्यांत आहेत. या सीझनला सरासरी २६.६ गुण, ५२.७ टक्के शॉट, थ्री ४३ टक्के. हे सगळं ३६ व्या वर्षी.

माझं मत सरळ आहे. घ्यावं. जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स आणि यंदाची १० नंबरची पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, दहावं निवडायचा हक्क) द्यावी. आमेनचं नाव निघालं तर फोन ठेवून द्यावा. जबारी स्मिथ आणि रीड शेपर्डलाही हात लावू नये. तुम्हाला काय वाटतं?

केटीकर (टेक्सस), १४ जून २०२५

घेऊ नये. मनापासून सांगतो, घेऊ नये.

आम्ही इथे टोयोटा सेंटरला जाऊन हरणारा संघ बघितलाय. हार्डन गेला त्या सीझनला १७ विजय, पुढच्या वर्षी २०, त्याच्या पुढे २२. अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांत बसून मी आणि माझा मुलगा या पोरांना ओरडून ओरडून धीर द्यायचो. मग कोच इमे उडोका आला, ४१ झाले, आणि यंदा ५२. पश्चिमेत (लीगच्या दोन गटांपैकी एक) दुसरा नंबर. हे सगळं ड्राफ्ट करून, वाट बघून, पोरांना चुकू देऊन झालंय. शेंगूनला १६ व्या नंबरवर घेतलं तेव्हा कोणाला माहीत होतं तो ऑल-स्टार होईल? आमेन दुसऱ्याच सीझनला डिफेन्सच्या पहिल्या संघात (लीगचे सर्वोत्तम बचावपटू) आला.

पहिल्यांदा प्लेऑफला गेलेली पोरं सात मॅचपर्यंत लढली, तीही करी, बटलर आणि ड्रेमंड समोर असताना. ३-१ ने मागे पडून दोन ओळीने जिंकल्या, त्यातली एक त्यांच्या मैदानावर. अशा संघाला आणखी एक वर्ष द्यायचं की सप्टेंबरमध्ये ३७ चा होणाऱ्या माणसासाठी घडी मोडायची?

ओक्लाहोमा आणि इंडियानाची फायनल बघा की. कालच्या मॅचनंतर २-२ आहे. ओक्लाहोमाने काय केलं? पिकांचा डोंगर असूनही कुठला म्हातारा तारा घेतला नाही. गिडी देऊन करूसो घेतला, हार्टनस्टाइनला करार देऊन आणलं. कमी पडत होतं तेवढंच भरलं. बाकी बहुतेक घरचं.

रिंगणातला_रवी, १४ जून २०२५

केटीकरांना अनुमोदन. जेलनने दुसऱ्या मॅचला ३८ मारले होते हे विसरू नका. वय २३, आणि ओळीने दोन सीझन सगळ्या ८२ मॅच खेळलाय. ड्युरंट यंदा ६२ खेळला.

हाफकोर्ट, १४ जून २०२५

रवी, ते ३८ मीही उभं राहून बघितले. पण सात मॅचची त्याची सरासरी १३.३ आहे. दुसरी मॅच बाजूला काढली तर उरलेल्या सहांत तो साधारण नऊच्या आसपास येतो. संघात सगळ्यात जास्त गुण करणाऱ्या मुलाला वॉरियर्सनी इतकं सहज बंद केलं, हीच माझी काळजी. जेलनला वेग मिळाला तर तो कोणालाही ऐकत नाही. प्लेऑफमध्ये वेग मिळू देत नाहीत.

आणि केटीकर, करूसोचं बरोबर आहे, पण ओक्लाहोमाकडे शे गिल्जस-अलेक्झांडर आहे. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कोणाकडे द्यायचा हा प्रश्न त्यांना पडतच नाही. त्यांनी कमी पडत होतं ते भरलं म्हणता, तर आपल्याकडे नेमकं हेच कमी आहे. समोरचा इंडियानाही बघा. गेल्या वर्षी जानेवारीत तीन पहिल्या फेरीच्या पिका देऊन सियाकम आणला. तेव्हा केवढी ओरड झाली होती, आणि आज तो पूर्वेच्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू आहे.

केटीकर, १५ जून २०२५

सियाकम तेव्हा २९ चा होता. २९ आणि ३६ यांत सात वर्षं आहेत, आणि या खेळात सात वर्षं म्हणजे बहुतेकांची पूर्ण कारकीर्द.

आकडेमोड (ठाणे), १५ जून २०२५

पैशाचं बोलू या थोडं, कारण बऱ्याच गोष्टी तिथेच ठरतात.

ड्युरंटचा पुढच्या सीझनचा पगार ५ कोटी ४७ लाख डॉलर. जेलनचा ३ कोटी ३३ लाखांच्या आसपास, ब्रुक्सचा सुमारे २ कोटी ११ लाख. बेरीज ५ कोटी ४४ लाख. म्हणजे जवळजवळ तंतोतंत बसतं, आणि हा योगायोग फीनिक्सच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. त्यांचा खर्च सेकंड एप्रनच्या (लीगने पगारखर्चावर आखलेली वरची रेघ) वर गेलाय. लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या करारापासून ती रेघ ओलांडणाऱ्या संघाचे हात बांधलेले असतात. ट्रेडमध्ये जेवढा पगार बाहेर जातो त्यापेक्षा एक डॉलरही जास्त परत घेता येत नाही, आणि दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडूही आणता येत नाही. ड्युरंट एकटा बाहेर जाणार आणि त्याच्या पगाराच्या किंचित आत बसतील असे दोन चांगले, खेळते खेळाडू समोरून येणार. असा जोड बाकी किती संघांकडे आहे?

दुसरं म्हणजे फीनिक्सच्या पिका आपल्याकडे आहेत. २०२३ मध्ये त्यांनी ड्युरंटसाठी ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, पहिल्या फेरीच्या चार पिका आणि वर एका पिकची अदलाबदल दिली. त्यातल्या बऱ्याचशा गेल्या वर्षी रॉकेट्सनी ब्रुकलिनकडून उचलल्या. यंदाची १० नंबरची पिक मुळात फीनिक्सचीच. २०२७ ची त्यांची पिक आपल्याकडे आहे, २०२९ च्या पिकवरही आपला हक्क आहे. ड्युरंट तिथून निघाला की फीनिक्स आणखी खाली जाणार, आणि ते जितके खाली जातील तितक्या या पिका वधारणार. म्हणून १० नंबर परत द्या, पुढच्या दोन हातात ठेवा.

आता काळजीची बाजू. शेंगूनचा पाच वर्षांचा साडेअठरा कोटींचा करार पुढच्या सीझनपासून सुरू होतोय. जबारी आणि ईसनचे करार वाढवायची वेळ आली, पुढच्या उन्हाळ्यात आमेनची येईल. ड्युरंटचं एकच वर्ष उरलंय, घेतला तर तेही वाढवून द्यावं लागणार. दोन-तीन वर्षांनी हे सगळं एकत्र अंगावर आलं की कोणाला तरी सोडावं लागेल. जेलन गेला की ती वेळ थोडी पुढे ढकलली जाते, कारण त्याच्या जागी आलेला पगार लवकर संपणारा आहे. मी स्वतः म्हणून हो म्हणेन.

मैदानवेडी (नागपूर), १६ जून २०२५

मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, तर त्या बाजूने लिहिते.

वय झालं की आधी काय जातं? पहिलं पाऊल. समोरच्याला चकवून आत घुसायला जो झटका लागतो तो जातो. मग उडी कमी होते. हात मात्र जात नाही. ज्याचा खेळ पहिल्या पावलावर उभा आहे तो तिशी ओलांडली की उतरतो. ज्याचा खेळ उंचीवर आणि हातावर आहे तो टिकतो. करीम अब्दुल-जब्बार ३८ व्या वर्षी, १९८५ मध्ये, फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो त्या हुक शॉटच्या जोरावर.

ड्युरंट सहा फूट अकरा इंच आणि हात त्याहून लांब. त्याचा शॉट मी मुलींना मोबाईलवर हळू करून दाखवते. फ्री थ्रोच्या रेषेच्या कोपऱ्यावर बॉल घेतो, एक ड्रिबल, कधी तीही नाही. खांदा थोडा समोरच्याला लावतो, जागा फार करत नाही. बॉल कपाळाच्या वर जातो आणि कोपर डोळ्याच्या वर असताना सुटतो. समोरच्याचा हात पोचतो तो त्याच्या कोपरापर्यंत. म्हणून त्याला मोकळं होण्याची गरजच पडत नाही, आणि म्हणून पळून पळून दमायचीही नाही. जेलनला शॉट मिळवायला माणूस मागे टाकावा लागतो. ड्युरंटला फक्त बॉल वेळेवर आणि जागेवर मिळावा लागतो.

तेव्हा शॉटची भीती मला नाही. भीती आहे ती कमरेखालची. ३० मार्चला त्याचा डावा घोटा मुरगळला तो आपल्याच मॅचमध्ये, रॉकेट्सनी १४८-१०९ ने जिंकलेल्या. त्यानंतर सीझन संपला त्याचा. त्याआधी नोव्हेंबरमध्ये पोटरी. ब्रुकलिनला असताना एका सीझनला ३५ मॅच, एकाला ५५. घ्यायचा तर ८२ मॅच खेळेल या हिशोबाने घेऊ नका. ६० धरा, आणि त्या ६० नंतर एप्रिल-मेमध्ये उभा राहील असं बघा. त्यासाठी सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही. फीनिक्सने नेमकं तेच केलं.

जुना_समिटकर, १७ जून २०२५

ह्यूस्टनमध्ये मी १९९४ ते ९७ होतो. तेव्हा टोयोटा सेंटर नव्हतं, द समिट होतं. हा प्रश्न या गावाला नवा नाही आणि दोन्ही उत्तरं मी डोळ्यांनी बघितली आहेत.

पहिलं उत्तर, १४ फेब्रुवारी १९९५. आदल्या वर्षीचे विजेते आम्ही, पण गाडी अडखळत होती. ऑटिस थॉर्प देऊन पोर्टलंडहून क्लाइड ड्रेक्सलर आणला. वय ३२. आमचा तारा हकीम आणि तो ह्यूस्टन विद्यापीठात एकत्र खेळलेले. गावात एवढा आनंद, आणि झालं काय? थॉर्प म्हणजे रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), धक्काबुक्की, रोजची मजुरी. तो गेल्यावर संघ विस्कटला. ट्रेडच्या आधी ३० जिंकल्या १७ हरल्या होत्या, नंतर १७ जिंकल्या १८ हरल्या. सहाव्या नंबरवरून प्लेऑफला गेलो. ऑफिसात लोक उघड म्हणायचे की वाटोळं करून घेतलं. मग युटा, फीनिक्स, सॅन अँटोनिओ, शेवटी ऑर्लँडो ४-०. फीनिक्सविरुद्ध ३-१ ने मागे होतो. सहाव्या नंबरवरून अजिंक्यपद त्याआधी कोणी जिंकलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसरं उत्तर, ऑगस्ट १९९६. याच फीनिक्सकडून चार्ल्स बार्कली घेतला. वय ३३. दिले कोण? सॅम कसेल, रॉबर्ट होरी, मार्क ब्रायंट, चकी ब्राऊन. चौघं गेले. ५७ मॅच जिंकलो, पण बार्कली ५३ च खेळू शकला. पश्चिमेच्या फायनलला युटाच्या स्टॉकटनने शेवटच्या क्षणी थ्री मारला तेव्हा मी समिटमध्येच होतो. तो बॉल हवेत असताना सगळं समिट चिडीचूप झालं होतं, आजही कानात ती शांतता आहे. हकीम, क्लाइड आणि चार्ल्स पुन्हा कधी पश्चिमेच्या फायनलच्या पुढे गेले नाहीत. होरीने पुढे लेकर्स आणि स्पर्सकडून पाच अजिंक्यपदं घेतली.

दोन्ही वेळा आलेला माणूस मोठाच होता. फरक काय होता? ९५ ला एक दिला, ९६ ला चार. ९५ ला बाकी घडी तशीच राहिली. ९६ ला बाकावर कोण उरलं होतं ते आठवतही नाही.

हाफकोर्ट, १७ जून २०२५

काका, हा प्रतिसाद मी जपून ठेवलाय. १७-१८ चा आकडा मला माहीत नव्हता.

केटीकर, १७ जून २०२५

समिटकर काका, तुमच्याच गोष्टीतून माझा मुद्दा निघतो. थॉर्प गेला आणि संघ विस्कटला म्हणता. आज थॉर्पच्या जागी डिलन ब्रुक्स आहे. लोकांना तो आवडत नाही, भांडतो, तांत्रिक फाउल घेतो, मान्य. पण दर मॅचला समोरच्या सगळ्यात धोकादायक माणसाला कोण धरतो? आणि थ्रीही जवळजवळ ४० टक्क्यांनी मारतो. जेलनपेक्षा मला ब्रुक्स देणं जास्त टोचतंय.

मिलवॉकीचं ताजं उदाहरण बघा. २०२३ ला डेमियन लिलार्डसाठी ज्रू हॉलिडे दिला. ३३ वर्षांचा, भरपूर गुण करणारा तारा आला, डिफेन्सचा कणा गेला. हॉलिडे फिरून बॉस्टनला पोचला आणि २०२४ ला त्यांच्याबरोबर जिंकला. मिलवॉकी दोन वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर, आणि एप्रिलमध्ये लिलार्डची अकिलीज (टाचेमागचा कंडरा) तुटली. आता ना तारा, ना कणा.

आणि फीनिक्स? ड्युरंट, बुकर, नंतर बीलही. पहिल्या वर्षी दुसऱ्या फेरीत गेले, दुसऱ्या वर्षी मिनेसोटाने ४-० ने धुतलं, तिसऱ्या वर्षी ३६ विजय आणि प्ले-इनलाही (प्लेऑफच्या आधीची पात्रता फेरी) नाहीत. तीन वर्षांत तीन कोच गेले. एवढं होऊनही आपण म्हणायचं की आमच्याकडे आला की जमेल?

मैदानवेडी, १८ जून २०२५

केटीकर दादा, मिलवॉकीचं मान्य, फीनिक्सचं नाही. फीनिक्सच्या मॅच मी बऱ्याच पाहिल्या. पॉइंट गार्ड (बॉल आणून खेळ मांडणारा) नाही, रिबाउंडला कोणी जात नाही, तीन शॉट मारणारे आणि एकही खांदा लावणारा नाही. ड्युरंटच्या चुकलेल्या शॉटवर पाचच्या पाच जण मागे वळायचे. रॉकेट्सचा शॉट चुकला की काय होतं? स्टीव्हन ॲडम्स दोघांना ढकलत आत उभा असतो. यंदा हल्ल्यातले रिबाउंड घेण्यात आपण पूर्ण लीगमध्ये पहिले. म्हणजे ड्युरंटला दहातले पाच चुकवायची मुभा आहे, ती त्याला तिथे कधीच नव्हती. ॲडम्स आणि तो ओक्लाहोमाला एकत्र खेळलेत, तिथे हे रोज व्हायचं.

ब्रुक्सचं म्हणाल तर माझ्या मते तो आमेन आणि ईसनमध्ये वाटून जाईल. आमेनला समोरच्या बड्या माणसावर पूर्ण वेळ सोडायची वेळ आलीच आहे.

रिंगणातला_रवी, १८ जून २०२५

उडोकाशी पटेल का पण त्याचं? उडोका रोखठोक माणूस.

हाफकोर्ट, १८ जून २०२५

रवी, दोघं जुने ओळखीचे आहेत. २०२०-२१ ला ब्रुकलिनमध्ये उडोका सहायक कोच होता, ड्युरंट तिथेच. पुढच्या वर्षी उडोका बॉस्टनचा मुख्य कोच झाला आणि पहिल्याच फेरीत ब्रुकलिनला ४-० ने बाहेर काढलं. ती मालिका पुन्हा बघ. ड्युरंटला बॉल मिळायच्या आधीच दोघं अंगाला भिडलेले, बॉल मिळाला की तिसरा. त्याला काय नडतं हे उडोकाइतकं क्वचितच कोणाला ठाऊक असेल. मला यातच सगळ्यात जास्त आशा वाटते. ज्या माणसाने त्याला बांधून ठेवलं, तोच आता त्याच्या गाठी सोडवणार. तिथे दोघं-तिघं त्याच्यावर यायचे कारण बाकीच्यांची भीती नव्हती. इथे दोघं त्याच्याकडे वळले की शेंगूनसमोर एकच उरतो, आणि शेंगूनसारखा पास देणारा सेंटर ड्युरंटला आजवर मिळालेला नाही.

आकडेमोड, १९ जून २०२५

एक छोटी गंमत आठवली. २००७ च्या ड्राफ्टला सिएटलने दुसऱ्या नंबरवर ड्युरंट घेतला. त्याच रात्री रे ॲलन बॉस्टनला देऊन पाच नंबरचा जेफ ग्रीन आणला. रे ॲलन आणि गार्नेट घेऊन बॉस्टन पुढच्याच वर्षी ६६ मॅच जिंकून अजिंक्य झालं. तो जेफ ग्रीन आज रॉकेट्समध्ये आहे. त्या ड्राफ्टला अठरा वर्षं होतील आणि दोघं पुन्हा एका संघात येतील.

हाफकोर्ट, २२ जून २०२५

झालं!!!

आत्ता जेवायला बसलो आणि बातमी आली. जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, १० नंबरची पिक आणि दुसऱ्या फेरीच्या पाच पिका. बस्स. आमेन आपलाच, जबारी आपलाच, शेपर्ड, ईसन, २०२७, २०२९ सगळं आपलंच. ड्युरंट स्वतः न्यू यॉर्कला एका कार्यक्रमात लोकांसमोर स्टेजवर बसला होता, तिथेच त्याला कळलं. समोरची माणसं फोन बघून ओरडायला लागली आणि तो हसत बघत राहिला. अधिकृत व्हायला ६ जुलै उजाडेल, पण ठरलंय.

माझा हात थरथरतोय लिहिताना.

आकडेमोड, २२ जून २०२५

आजवर मी जितके हिशोब मांडले त्यापेक्षा स्वस्तात पडलं. मला वाटलं होतं २०२७ ची तरी मागतील. आपला जनरल मॅनेजर राफेल स्टोन शेवटपर्यंत अडून बसला असणार.

जुना_समिटकर, २२ जून २०२५

दोन दिले, चार नाही. मला हेच बघायचं होतं.

आणि आज तारीख काय आहे बघा. २२ जून. क्लाइड ड्रेक्सलरचा वाढदिवस, आज ६३ झाले.

केटीकर, २२ जून २०२५

अभिनंदन सगळ्यांचं. मी विरोधात होतो, किंमत बघितल्यावर विरोध बराचसा गळाला. आमेन राहिला हे फार बरं झालं. पण जेलनसाठी आज घरात कोणी नीट जेवलं नाही. १७ विजयांच्या सीझननंतर ड्राफ्टला दुसऱ्या नंबरवर तो आला तेव्हा आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. १९ वर्षांचा मुलगा, आणि सगळा दोष त्याच्या माथी. तरी एकदाही कुरकुरला नाही, दोन वर्षं एकही मॅच चुकवली नाही. फीनिक्समध्ये बुकरशेजारी त्याचं चांगलं व्हावं.

मैदानवेडी, २३ जून २०२५

फायनलची सातवी मॅच बघितली का कोणी? ओक्लाहोमा १०३-९१ ने जिंकलं, पण माझं लक्षच लागलं नाही नंतर. पहिल्याच क्वार्टरला हॅलिबर्टन खाली बसला आणि जमिनीवर हात आपटायला लागला. उजवी अकिलीज. पोटरी दुखावलेली असताना खेळत होता.

मला लगेच १० जून २०१९ आठवलं. टोरंटो, फायनलची पाचवी मॅच, ड्युरंट. तोही पोटरीच्या दुखापतीतून महिन्याभराने परत आलेला, १२ मिनिटांत ११ गुण केले आणि तिथेच उजवी अकिलीज गेली. पूर्ण पुढचा सीझन गेला. त्याला तेव्हा ३० पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. या दुखापतीतून पुन्हा आधीसारखं कोणी होत नाही असं तेव्हा सगळे म्हणत होते.

या प्लेऑफमध्ये तिघांची अकिलीज गेली. लिलार्ड ३४ चा, पण टेटम २७ चा आणि हॅलिबर्टन २५ चा. इतके दिवस आपण इथे वयाचा हिशोब करतोय, तो पूर्ण नाही. उडोकाला माझं एवढंच सांगणं आहे की ड्युरंटची पोटरी जरा जरी ओढली, तरी त्याला बसवा. जानेवारीतल्या मॅचसाठी तर नक्कीच, आणि मेमधल्या मॅचसाठीही.

हाफकोर्ट, २३ जून २०२५

ताई, बघितली. हॅलिबर्टनला उचलून नेताना बघवलं नाही. तुमचं पटतंय. ६० मॅच आणि रोज ३२-३३ मिनिटं, यापुढे एक मिनिटही नको. उरलेलं शेपर्डने आणि जबारीने उचलावं, त्यांना त्यासाठीच ठेवलंय.

केटीकर, २३ जून २०२५

मुलाने आज सकाळी विचारलं की चार नंबरची जर्सी आता घालायची की नाही. म्हटलं, घाल, जेलन फीनिक्सचा होऊन टोयोटा सेंटरला येईल त्या दिवशी तर नक्की घाल, आपण उभं राहून टाळ्या वाजवू. मग म्हणाला, आणि ड्युरंटची सातची घेऊ का? ऑगस्टमध्ये मुलाचा वाढदिवस आहे, घेऊ म्हटलं. वेळापत्रक आलं की फीनिक्सच्या मॅचची तिकिटं आधी बघतो. या बाजूला कोणी येणार असेल तर सांगा, एकत्र काढू.